तरुण मांजराचे वाढलेले वजन उतरवताना : मोजून खाऊ घालण्याची सविस्तर पद्धत

जुन्या सोलापुरात माळवदाच्या घरांत आणि धान्याच्या आडतीत मांजर पाळले जाई ते उंदरांसाठी. त्याचा दिवस शिकारीत जाई, संध्याकाळी वाटीभर दूध आणि भाकरीचा कुस्करा मिळे, आणि तेवढ्यावर ते सडपातळ राही. आज जुळे सोलापुरातल्या किंवा होटगी रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मांजराच्या वाट्याला उंदीर येत नाहीत, गॅलरीला जाळी असते, नसबंदी झालेली असते. दुधाची वाटी मात्र तशीच राहिली आहे आणि तिच्या शेजारी कोरड्या दाण्यांनी भरलेला वाडगा आला आहे. आमच्या बोक्याचे वजन नसबंदीनंतरच्या वर्षभरात चार किलोंच्या आसपासवरून ५.६ किलोंवर गेले. त्याच्या चणीला साडेचार किलो पुरेसे होते. घरात कोणीच त्याला फार खाऊ घालत नव्हते; प्रत्येकजण थोडेथोडे घालत होता. हा लेख त्या अनुभवातून आणि पशुवैद्यांनी शिकवलेल्या हिशेबातून लिहिला आहे. तो एक ते सहा वर्षे वयाच्या, एरवी निरोगी असलेल्या मांजरांपुरता आहे. एक वर्षाखालचे पिल्लू अजून वाढत असते. त्याला कमी कॅलरींवर ठेवू नये, केवळ दूध आणि वरचे खाणे बंद करून पशुवैद्यांना दाखवावे.

सर्वांत आधी एक धोक्याची सूचना

लठ्ठ मांजराला उपाशी ठेवणे ही जिवावर बेतणारी चूक आहे. माणूस दोन दिवस उपास करून ताजातवाना राहू शकतो, मांजराचे शरीर तसे नाही. खाणे अचानक थांबले की लठ्ठ मांजराच्या अंगातली चरबी मोठ्या प्रमाणात यकृताकडे धावते, यकृत ती पेलू शकत नाही आणि काही दिवसांतच ते निकामी होऊ लागते. म्हणून वजन उतरवण्याच्या काळात मांजराने २४ तास काहीही खाल्ले नाही, तर पशुवैद्यांना फोन करावा, आणि दुसरा दिवस उजाडण्याची वाट पाहू नये. हिरड्या किंवा कानांच्या आतली कातडी पिवळसर दिसणे, सतत उलट्या होणे, कोपऱ्यात जाऊन निपचित बसणे ही त्याच आजाराची लक्षणे असू शकतात. "भूक लागली की नवे खाद्य झक मारून खाईल" हा विचार मांजराच्या बाबतीत करूच नये.

वजन खरोखर वाढले आहे का

काट्यावरचा आकडा एकटा काही सांगत नाही, कारण मोठ्या हाडापेराच्या बोक्याला पाच किलो शोभून दिसतात आणि लहान चणीच्या भाटीला चारसुद्धा जास्त होतात. हाताने तपासण्याची एक सोपी रीत आहे. आपली मूठ आवळून दुसऱ्या हाताच्या बोटांनी मुठीच्या टेंगळांवरून फिरवावे. मांजराच्या बरगड्या तशा लागत असतील तर ते हडकुळे आहे. मग आपल्या हाताचा तो पंजा सरळ करून हाताच्या मागच्या बाजूवरून बोटे फिरवावीत. बरगड्या अशा, पातळ आवरणाखाली पण स्पष्ट, लागणे योग्य. तळहाताच्या मांसल भागासारखे लागत असेल आणि बरगड्या शोधायला दाब द्यावा लागत असेल, तर चरबी वाढली आहे. मांजर उभे असताना वरून पाहावे. बरगड्यांच्या मागे कंबर किंचित आत गेलेली दिसली पाहिजे. पोटाखाली मागच्या पायांजवळ लोंबणारी सैल कातडी मात्र बहुतेक मांजरांना निसर्गतःच असते, सडपातळ मांजरालाही असते; ती पाहून घाबरू नये.

पशुवैद्य यासाठी १ ते ९ अशी शरीरस्थितीची मोजपट्टी वापरतात. त्यात ५ हा योग्य अंक असून त्यावरचा प्रत्येक अंक साधारण १० टक्के जादा वजन दाखवतो. आमच्या बोक्याला ७ आणि ८ च्या मधला अंक मिळाला होता. ५.६ किलोंतले जादा वजन वजा करता उद्दिष्ट साडेचार किलोंच्या जवळ आले.

ही तपासणी दवाखान्यातच करून घ्यावी असा माझा आग्रह आहे, आणि त्याला कारण आहे. पोट मोठे पण पाठीचा कणा आणि बरगड्या हाताला टोचत असतील, तर तो लठ्ठपणा नसतो. जंत असू शकतात, पोटात पाणी झालेले असू शकते, आणि नसबंदी न झालेली भाटी असेल तर ती गाभण असू शकते. यांपैकी कोणत्याही स्थितीत खाणे कमी करणे घातक ठरेल. बोका वाळूच्या ट्रेमध्ये वारंवार बसून लघवी होत नसेल, तर वजनाचा विचार बाजूला ठेवून तत्काळ दवाखाना गाठावा. लठ्ठ, घरबशा बोक्यांत मूत्रमार्ग तुंबण्याची शक्यता अधिक असते आणि त्यात तासांचा हिशेब असतो.

काटा

माणसाच्या काट्यावर मांजराला घेऊन उभे राहायचे आणि मग आपले वजन वजा करायचे, ही पद्धत सुरुवातीच्या अंदाजाला चालते, पुढे चालत नाही. साडेपाच किलोंच्या मांजराने आठवड्याला ३० ते ५५ ग्रॅम उतरणे अपेक्षित असते आणि तो काटा १०० ग्रॅमच्या खाली काही दाखवतच नाही. स्वयंपाकघरात वापरतात तसा १० किलोंपर्यंत ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा घ्यावा. त्यावर प्लास्टिकचा टब ठेवावा, टबात मांजराच्या अंथरुणाचा तुकडा टाकावा, मग काटा शून्य करावा आणि मांजराला बसू द्यावे. हाच काटा रोज दाणे मोजायला उपयोगी पडतो. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळच्या पहिल्या खाण्याआधी करावे आणि वहीत लिहावे. रोज वजन करू नये; पाणी प्यायल्याने किंवा शौच झाल्यानेही ५० ग्रॅमचा फरक पडतो आणि मन विनाकारण खालीवर होते.

दिवसाला किती कॅलरी

विश्रांतीच्या अवस्थेत लागणारी ऊर्जा काढण्याचे सूत्र मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर जमते. मांजराचे योग्य वजन (आजचे वाढलेले नव्हे) किलोत घेऊन त्याला त्याच आकड्याने दोनदा गुणावे, आलेल्या उत्तराचे वर्गमूळ काढावे, त्याचे पुन्हा वर्गमूळ काढावे आणि शेवटी ७० ने गुणावे. साडेचार किलोंसाठी घन ९१.१ येतो, पहिले वर्गमूळ ९.५५, दुसरे ३.०९, आणि ७० ने गुणल्यावर सुमारे २१६ कॅलरी. वजन उतरवताना याच्या ८० टक्के, म्हणजे सुमारे १७३ कॅलरी दिवसाला द्याव्यात. योग्य वजन साडेतीन किलो असेल तर हाच आकडा १४३ च्या आसपास येतो, चार किलोंना १५८ आणि पाच किलोंना १८७. हे आरंभबिंदू आहेत. प्रत्येक मांजराची पचनाची आणि हालचालीची तऱ्हा वेगळी असल्याने पुढे काटा जे सांगेल ते खरे मानावे. मात्र पशुवैद्यांना विचारल्याशिवाय या आकड्याच्या खाली जाऊ नये.

या आकड्यांचा अंदाज मनात पक्का बसावा म्हणून एक तुलना सांगतो. एका उंदरातून मांजराला साधारण ३० कॅलरी मिळतात. कोरड्या दाण्यांत १०० ग्रॅमला बहुधा ३३० ते ४०० कॅलरी असतात, म्हणजे दहा ग्रॅम दाणे हा एका उंदराहून मोठा घास आहे. जाता-येता वाडग्यात टाकलेली मूठ म्हणजे मांजराला शिकार न करता मिळालेले दोन-तीन उंदीर.

पाकिटावर कॅलरी छापलेल्या असतील तर प्रश्न सुटला. अनेक पाकिटांवर त्या नसतात. तेव्हा प्रथिने, मेद, तंतू, राख (म्हणजे खनिजांचा अंश) आणि ओलावा यांची टक्केवारी पाहावी. या पाचांची बेरीज १०० मधून वजा केली की कर्बोदके उरतात. राख छापलेली नसेल तर कोरड्या खाद्यात ती ८ धरावी. प्रथिने आणि कर्बोदके यांना प्रत्येकी ३.५ ने आणि मेदाला ८.५ ने गुणून बेरीज केली की १०० ग्रॅममधल्या कॅलरी मिळतात. प्रथिने ३२, मेद १२, तंतू ४, राख ९ आणि ओलावा १० असेल, तर कर्बोदके ३३ येतात आणि एकूण सुमारे ३३०. पाकिटावर वजनानुसार दिलेला खाण्याचा तक्ता धडधाकट, हिंडत्या-फिरत्या मांजराला धरून असतो. फ्लॅटमधल्या नसबंदी झालेल्या मांजराला तो बहुतेक वेळा जास्त होतो.

एकच डबा

सगळी पद्धत ज्यावर उभी आहे ती गोष्ट आता येते. आम्ही आठवडाभर काहीही न बदलता, बोक्याच्या पोटात जाते ते सर्व कागदावर लिहिले. दाणे ६० ग्रॅम, म्हणजे २१६ कॅलरी. आई सकाळी चहा करताना बशीत म्हशीचे दूध ओतायची, संध्याकाळी पुन्हा. मिळून १०० मिलिलीटर, म्हणजे जवळपास ९५ कॅलरी. जेवताना ताटातले चिकनचे तुकडे २० ग्रॅम, ३३ कॅलरी. एकूण ३४४. ज्याला १७३ पुरावे त्याला आम्ही दुप्पट घालत होतो, आणि वाडगा पाहता त्यात फार काही नव्हते. आईला हा कागद दाखवला तेव्हा तिने मनाला लावून घेतले. तिचे प्रेम त्या बशीतच होते. म्हणून घरातल्या कोणालाही "तू देऊ नकोस" असे सांगण्यापेक्षा दुसरा मार्ग काढावा लागला आणि तोच टिकला.

रोज सकाळी एकाने दिवसाचे सगळे खाणे काट्यावर मोजून एका झाकणाच्या डब्यात भरावे. कपाने किंवा मुठीने मोजू नये. दाण्यांच्या आकारानुसार कपात बराच फरक पडतो आणि मांजराच्या बाबतीत पाच ग्रॅमही मोठे असतात. घरात कोणालाही, कधीही, मांजराला काही द्यावेसे वाटले तर याच डब्यातून द्यावे. आजोबांनी पाच दाणे हातावर दिले तरी हरकत नाही, शाळेतून आलेल्या नातीने दिले तरी हरकत नाही. डबा रिकामा झाला की दिवस संपला. आईने सकाळच्या चहाच्या वेळी बशी मांडणे चालू ठेवले, फक्त बशीत डब्यातले आठ-दहा दाणे पडू लागले. बोक्याला वेळ आणि माणूस हवे होते. दूध नसल्याचे त्याने चार दिवसांत स्वीकारले.

आमच्या डब्याचा हिशेब असा बसला : ८० ग्रॅमचा ओल्या खाद्याचा एक पाउच सुमारे ६५ कॅलरींचा आणि ३० ग्रॅम दाणे १०८ कॅलरींचे, मिळून १७३. एखाद्या दिवशी उकडलेले चिकन द्यायचे असेल तर दहा ग्रॅमच्या वर जायचे नाही आणि पाच ग्रॅम दाणे डब्यातून काढायचे. वरखाणे दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ देऊ नये.

३४४ वरून १७३ वर एका दिवसात आलो नाही. पहिल्या आठवड्यात दूध पाणी घालून पातळ करत बंद केले, नंतर ताटातले तुकडे, आणि मग दर आठवड्याला पाच-पाच ग्रॅम दाणे उतरवत त्या जागी थोडा पाउच आणत आणखी सुमारे सहा आठवड्यांत ठरलेल्या आकड्यावर पोहोचलो. खाद्याचा प्रकार बदलायचा असेल तर जुन्यात नवे मिसळत सात ते दहा दिवस घ्यावेत.

वाड्यात, चाळीत किंवा विडी घरकुलसारख्या वस्तीत दारे उघडी असतात आणि मांजर चार घरी जाते. तिथे घरोघर जाऊन बोलण्याला पर्याय नाही. शेजारच्या अक्कांना "देऊ नका" म्हटले तर वाईट वाटते. "डॉक्टरांनी पथ्य सांगितले आहे, हे दाणे तुमच्याकडे ठेवा, त्यातले द्या" म्हटले तर त्या पथ्य सांभाळतात. डब्यातलेच थोडे दाणे त्यांच्याकडे पुडीत द्यावेत. मांजराच्या गळ्यात, ओढ बसली की सुटणाऱ्या पट्ट्याला, पथ्याची चिठ्ठी बांधणेही उपयोगी पडते. घरात दोन मांजरे असतील तर खाण्याच्या वेळी त्यांना वेगळ्या खोल्यांत ठेवून वीस मिनिटांनी वाडगे उचलावेत.

काय द्यावे, काय देऊ नये

मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे त्याला अत्यावश्यक असलेले द्रव्य भाकरीत, पोळीत, भातात नसते आणि दुधातही पुरेसे नसते. ते कमी पडले तर डोळ्यांच्या पडद्यावर आणि हृदयावर परिणाम होतो. शाकाहारी घरांनी मांस शिजवावे असे माझे म्हणणे नाही, पण मग मांजरासाठी बनवलेले संपूर्ण आहार असे लिहिलेले तयार खाद्य आणावे. वजन उतरवताना प्रथिने पुरेशी असणे अधिकच गरजेचे, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. याच कारणाने बरेच वजन उतरवायचे असेल तेव्हा पशुवैद्य वजन कमी करण्यासाठीचे खास खाद्य सुचवतात. त्यात कॅलरी कमी ठेवूनही प्रथिने आणि जीवनसत्त्वे भरपूर असतात, तर साधे खाद्य फार कमी केले की तीही कमी पडू शकतात. ते महाग पडते, तरी २० टक्क्यांहून अधिक वजन उतरवायचे असेल तर मी तोच सल्ला मानीन.

मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. कलेजी मांजरे चाटूनपुसून खातात, पण ती रोज दिल्यास अ जीवनसत्त्व साठून मानेची व पाठीची हाडे जखडू शकतात. उजनीची चिलापी किंवा रोहू द्यायची तर काटे काढून, शिजवून, बिनमिठाची द्यावी. काही गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशांत ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते. सुकट आणि खारे बोंबील टाळावेत. कांदा-लसणाच्या रश्शातला तुकडा धुऊनही देऊ नये, कारण कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशींना मारक आहेत.

ओल्या खाद्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते, त्यामुळे तेवढ्याच कॅलरींत पोट अधिक भरते. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीपार असताना, पाण्याचा हा वाटा फार मोलाचा. पण त्याच उन्हाळ्यात उघडलेला पाउच लवकर बिघडतो. वाढलेले अर्ध्या तासात उचलावे, उरलेले फ्रीजमध्ये ठेवावे आणि देताना कोमट पाणी घालून वास जागा करावा. मुंग्या लागू नयेत म्हणून वाडगा पाण्याच्या परातीत ठेवावा. प्यायचे पाणी खाण्यापासून दूर, दोन-तीन जागी, रोज बदलून ठेवावे.

वेळा, ओरडणे आणि धावपळ

निसर्गात मांजर दिवसाला दहा-बारा लहान भक्ष्ये मारून खाते, म्हणून दोन मोठ्या जेवणांपेक्षा चार-पाच लहान वेळा त्याला मानवतात. सकाळी सहा, दुपारी बारा, सायंकाळी सहा आणि रात्री साडेदहा हे आम्हाला जमले. पहाटे चारला उठून ओरडणाऱ्या मांजराला शांत करण्यासाठी दाणे टाकले, की त्याला ओरडण्याचे बक्षीस मिळाले आणि दुसऱ्या दिवशी ते साडेतीनला ओरडेल. रात्रीचा हिस्सा थोडा मोठा ठेवावा आणि पहाटे कोणीही उठू नये. पहिले दहा-बारा दिवस ओरडणे वाढते, आणि नेमके तेव्हाच एकदा जरी हार मानली तरी सारे पहिल्यापासून सुरू होते.

खाणे वाडग्यात न देता शोधायला लावावे. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेच्या खळग्यांत दाणे टाकावेत, बाटलीला दाण्याहून थोडी मोठी भोके पाडून ती लोळवायला द्यावी, कपाटावर, जिन्यात, खिडकीच्या कट्ट्यावर दोन-दोन दाणे ठेवावेत. खाण्याआधी पाच-दहा मिनिटे काठीला बांधलेल्या पिसामागे पळवावे. उन्हाळ्यात हे सकाळी लवकर आणि रात्रीच करावे. आपल्या गावाशी संबंधित एक इशारा येथे दिलाच पाहिजे : यंत्रमागाच्या सुताची गुंडी, चादरीचे सुटलेले धागे, टॉवेलच्या गोंड्यांची लड हे मांजराला खेळायला देऊ नये. गिळलेला लांब धागा आतड्यात अडकून ते कापत जातो. खेळ संपला की काठीसुद्धा कपाटात ठेवावी.

दर पंधरा दिवसांचा हिशेब

आठवड्याला अर्धा ते एक टक्का वजन उतरणे उत्तम. दोन टक्क्यांहून जास्त उतरू लागले तर आनंद मानू नये. डब्यात १० टक्के वाढ करावी आणि पशुवैद्यांना कळवावे. सलग तीन आठवडे काटा हलला नाही, तर खाणे कमी करण्याआधी गळती शोधावी, आणि ती जवळजवळ नेहमी सापडते. आमच्याकडे ती मागच्या अंगणातल्या भटक्या मांजरांसाठी ठेवलेल्या वाडग्यात सापडली. गळती नसेल, तर पशुवैद्यांशी बोलून १० टक्के कमी करावेत.

बोक्याला ४.६ किलोंवर यायला सुमारे सात महिने लागले. उद्दिष्ट गाठल्यावर जुन्या वाडग्याकडे परतू नये. दर दोन आठवड्यांनी डबा १० टक्के वाढवत जावा आणि वजन ज्या आकड्यावर थांबेल तो कायमचा ठेवावा; त्यानंतर महिन्यातून एकदा वजन करणे पुरते. नव्या मांजराची नसबंदी करणार असाल तर ती अवश्य करावी, मात्र भूक वाढते आणि ऊर्जेची गरज घटते हे ध्यानात घेऊन, पशुवैद्यांच्या सल्ल्याने, जखम भरल्याबरोबर खाणे साधारण एक चतुर्थांशाने कमी करून मोजायला सुरुवात करावी. वहीत नोंदलेल्या वजनाहून १५० ग्रॅम वर दिसले, की त्याच आठवड्यात पुन्हा सगळे खाणे लिहून काढावे.